नवशिक्या वाचकांसाठीं सृष्टिज्ञानाचीं पुस्तकें

मराठी मुलाच्या हातीं पडणारें सृष्टिज्ञानाचें पहिलें पुस्तक कोणतें, असा प्रश्न केला तर सुशिक्षित घरांतील आईबाप बहुधा एखाद्या जाडजूड, रंगीत विज्ञानकोशाचें नांव घेतील. खरें उत्तर निराळें आहे. तें पुस्तक म्हणजे अंकलिपी. अ अननसाचा, ऊ उसाचा, ग गवताचा, ढ ढगाचा, श शहामृगाचा, असें म्हणत म्हणत हें पातळसें पुस्तक मुलास अक्षरांबरोबर झाडें, प्राणी आणि आकाश यांची ओळख करून देत असतें. आणि तें विज्ञानाचेंहि पुस्तक आहे अशी शंका कोणास येत नाहीं. आतां बीड जिल्ह्यांतील, बालाघाटाच्या डोंगररांगेंत पाटोदा किंवा धारूर तालुक्यांत वाढणारें मूल घ्या. शेतांत उभा असलेला अननस त्यानें पाहिलेला नसतो. शहामृग तर आफ्रिकेंतला. ऊस मात्र ऊ हें अक्षर शिकण्यापूर्वींच त्यानें चोखलेला असतो; कित्येकदां उसाच्या फडांत, पाचटावर अंथरलेल्या गोधडींत तें निजलेलेंहि असतें. ओळखीचा ऊस आणि अनोळखी शहामृग असे एकाच पुस्तकांत शेजारीं नांदतात, आणि नवशिक्या वाचकाच्या पुस्तकांचा सगळा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

नवशिका वाचक म्हणजे सहा ते आठ वर्षांचें मूल. त्यास अक्षरें येतात, पण शब्द जुळवितांना त्याचें बोट ओळीवरून हळूहळू सरकत असतें. अशा मुलावर विज्ञानाचें पुस्तक दोन ओझीं एकदम घालतें. एक वाचण्याचें, दुसरें समजण्याचें. त्यांपैकीं पहिलें शक्य तितकें हलकें केल्यावांचून दुसरें त्यास उचलत नाहीं. मराठीचें लेखन उच्चारास बरेंच धरून चालतें, ही मोठी सोय आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार कळले कीं पुष्कळसें वाचतां येऊं लागतें. गाडें अडतें तें जोडाक्षरांशीं. आणि मराठींतील शास्त्रीय शब्द पाहावे तों जोडाक्षरांनीं भरलेले. वनस्पति, पृथ्वी, बाष्पीभवन, प्रकाशसंश्लेषण! यांतला शेवटचा शब्द वाचून होईपर्यंत मुलाचा दम संपतो. अर्थ तर दूरच राहिला.

परंतु मराठीचें खरें सृष्टिधन या शब्दांत नाहींच. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी, माती, ऊन, वारा, ढग, वाफ, दव, गारा, कोंब, मोहोर, चीक, काटा, पीस, खवले, शेपूट: हे सगळे शब्द घरांत व शेतांत रोज बोलले जाणारे आहेत, आणि त्यांत जोडाक्षर एकहि नाहीं. एवढ्या भांडवलावर झाडाचा सगळा जन्म सांगतां येईल. उदाहरणार्थ, एखादें पान असें असूं शकेल. पाऊस आला. माती भिजली. बी फुगलें. आधीं मूळ आलें, मग कोंब आला. मूळ खालीं गेलें. कोंब वर गेला. बी उलटें पेरलें तर?

या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकानें देऊं नये. हरभऱ्याचे चार दाणे, एक कांचेचा पेला आणि ओला टीपकागद एवढी सामग्री कोणत्याहि स्वयंपाकघरांत जमते. दाणे पेल्याच्या कडेनें उलटे, सुलटे, आडवे बसवावे; चार-पांच दिवसांत मूल स्वतःच धांवत सांगत येतें कीं दाणा कसाहि ठेवला तरी मूळ वळून खालींच जातें. तें कां वळतें, याचें उत्तर शास्त्रास ठाऊक आहे. मुळाच्या टोंकावर टोपीसारखा एक भाग असतो. त्याच्या पेशींतील पिठूळ कण ज्या बाजूस जाऊन बसतात, ती बाजू मूळ खालची समजतें. पण हें सांगण्याचें वय दहा वर्षांचें आहे, सहा वर्षांचें नव्हे. पुस्तक लिहिणारास सर्व ठाऊक असावें आणि त्यांतलें थोडेंच त्यानें सांगावें, ही गोष्ट म्हणावयास सोपी असली तरी विद्वान् लेखकांस ती सर्वांत जड जाते.

मराठींत विज्ञान सांगण्याची परंपरा कांहीं लहान नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ मासिक काढलें. विनायक कोंडदेव ओकांचें ‘बालबोध’ १८८१ पासून, वासुदेव गोविंद आपट्यांचें ‘आनंद’ १९०६ पासून मुलांसाठीं निघूं लागलें. पुण्याचें ‘सृष्टिज्ञान’ १९२८ चें. पुढें १९६६ त मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि १९७१ त बालभारतीचें ‘किशोर’ मासिक आलें. ही नामावळी अभिमानाची आहे. तथापि यांतील बहुतेक लेखनाचा वाचक दहा-बारा वर्षांचा, वाचनांत सरावलेला असा धरलेला आहे. सहा वर्षांच्या मुलानें तें ऐकावें. स्वतः वाचावें असें त्यांत थोडेंच.

बीडपुरतें बोलावयाचें तर आणखी एक अडचण होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि वरच्या वर्गांचें शिक्षणहि मुख्यतः उर्दूंतूनच. १९१८ त स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें शास्त्रीय विषय उर्दूंतून शिकविले, त्यासाठीं परिभाषा घडविली, ग्रंथ भाषांतरित करविले. देशी भाषेंतून उच्च विज्ञान शिकवितां येतें हें त्या विद्यापीठानें सिद्ध करून दाखविलें, याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु मराठी घरांतील मुलास त्याचा उपयोग काय? घरीं ‘बेडूक’ आणि शाळेंत ‘मेंढक’ अशी त्याची स्थिति. पुण्या-मुंबईचें मासिक एखाद्या वकिलाच्या नाहीं तर मास्तरांच्या घरीं पोंचलें तर पोंचे. जिल्ह्यांत दोन-तीन पिढ्या अशा गेल्या कीं ज्यांना झाडांचीं नांवें आजीकडून कळलीं आणि अक्षरें शाळेंत कळलीं, पण दोहोंची गांठ कधीं पडली नाहीं.

याच जिल्ह्यांत अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. विषय वेदान्ताचा, पंचमहाभूतांच्या पंचीकरणाचा. पण एक अवघड विषय अक्षरें आणि आकृति यांच्या साह्यानें भल्या मोठ्या वस्त्रावर पसरून वाचणाराच्या डोळ्यांपुढें ठेवावा, ही युक्ति दासोपंतांना सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीस सुचली होती. भास्कराचार्यांचें विज्जलवीड म्हणजे बीडच, असेंहि कांहीं अभ्यासकांनीं म्हटलें आहे. चाळीसगांवजवळच्या पाटणचा पक्ष अधिक बळकट आहे, तेव्हां त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त गणित शिकवितांना कदंबावर, शिलींध्रावर आणि कुटजावर जाणारे भुंगे येतात, खांबावर बसलेला मोर बिळाकडे सरपटणाऱ्या सापावर झेप घेतो, वाऱ्यानें कमळ पाण्यांत बुडतें आणि त्यावरून तळ्याची खोली काढावयाची असते. पाटोद्याकडील नायगांवच्या मयूर अभयारण्यालगत राहणाऱ्या मुलास मोर-सापाचें तें उदाहरण शहरांतील मुलापेक्षां लौकर समजावें. शिकणाराच्या ओळखीची सृष्टि धरून चालावें हें आठशें वर्षांपूर्वींच्या पंडितास कळलें होतें; आजच्या कित्येक प्रकाशकांस कळलेलें दिसत नाहीं.

पश्चिमेकडेहि हा विचार जुनाच. कोमेनियस या शिक्षकाचें ‘ऑर्बिस पिक्टस’ हें सचित्र बालपुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें निघालें. त्यांतील वर्णमालेंत अक्षरासमोर प्राण्याचें चित्र असून त्या प्राण्याच्या आवाजांत अक्षराचा उच्चार सांपडतो. कावळा ओरडतो, कोंकरूं बें बें करतें, आणि मूल त्यांची नक्कल करतां करतां अक्षर उच्चारतें. अंकलिपीच्या कर्त्यांनीं हें पुस्तक पाहिलें असतें तर कदाचित् शहामृगाची जागा शेळीस मिळाली असती.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा, कारण तो खरेंखोट्याचा आहे. लहान मुलांच्या पुस्तकांत चूक झाली तर काय बिघडलें, मोठेपणीं कळेलच, असें पुष्कळ समंजस माणसेंहि म्हणतात. पण पहिलें वाचलेलें फार दिवस टिकतें. एरिक कार्ल यांचें भुकेल्या सुरवंटाचें १९६९ सालचें इंग्रजी चित्रपुस्तक जगभर वाचलें जातें, आणि तें आहेहि सुरेख. त्यांतील सुरवंटाचें फुलपाखरूं होतें. मात्र त्यापूर्वीं तो जें घर बांधतो त्यास तेथें पतंगाच्या रेशमी वेष्टनाचें नांव दिलेलें आहे. फुलपाखराचा सुरवंट सामान्यतः असें वेष्टन विणीत नाहीं. मराठींत तर घोटाळा दुप्पट होतो, कारण दोन्ही अवस्थांस ‘कोश’ हा एकच शब्द वापरला जातो. वेष्टनासाठीं ‘कोसला’ हा चांगला शब्द भाषेंत आहे. मराठी वाचकांस तो एका गाजलेल्या कादंबरीच्या नांवामुळें परिचित झाला, किड्यामुळें नाहीं, ही मौजेची गोष्ट.

बीड जिल्ह्यांत हा भेद समजाविण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत येथें तुतीची लागवड पुष्कळ वाढली आहे आणि कोरडवाहू गांवांतूनहि रेशमाचे किडे पाळण्याच्या शेडी दिसतात. अशा घरच्या मुलानें पाल्यावर तुटून पडणारी अळी पाहिलेली असते. ती सुमारें पंचवीस दिवसांत चार वेळां कात टाकते, मग तोंडांतून धागा काढून स्वतःभोंवतीं कोसला विणते. त्याच मुलास बांधावरच्या रुईपाशीं न्यावें. पानामागें काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सांपडेल, आणि नशीब असेल तर हिरवट किंवा गुलाबीसर असा एक गुळगुळीत कोशहि टांगलेला दिसेल. तो शेपटाच्या टोंकाशीं रेशमाच्या इवल्याशा गादीस चिकटलेला असतो, पण त्याच्याभोंवतीं धाग्यांचें वेष्टन नसतें. एका कोशांतून फुलपाखरूं, दुसऱ्या कोसल्यांतून पतंग. (रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास अपाय होतो, मुलांचे हात नंतर धुवावे.) रेशमाच्या शेडींतील मूल पुढें विचारणारच कीं आंतला पतंग बाहेर कां येऊं देत नाहींत. अखंड धागा मिळावा म्हणून कोसले उष्णता देऊन आंतला जीव मारतात, हें उत्तर आहे. तें गोड नाहीं. पण ज्या मुलाचें घर त्या उत्पन्नावर चालतें त्याच्यापासून तें लपविणारें पुस्तक निरुपयोगी म्हणावें लागेल.

भाषेंतील रूढ शब्द असे कित्येक ठिकाणीं चकवितात. नागपंचमीस बायका वारुळाची पूजा करतात आणि मुलें समजतात कीं वारूळ नागानें बांधलें. कोणी त्यांस मुंग्यांचें घर म्हणतात. तें बहुधा वाळवीनें उभारलेलें असतें. आणि वाळवी दिसावयास मुंगीसारखी असली तरी नात्यानें ती झुरळाच्या अधिक जवळची आहे. नाग तेथें शिरतो तो गारव्यास आणि उंदरांच्या मागें. दूध हें त्याचें अन्न नव्हे. एवढें सांगितल्यानें सणाचा अपमान होत नाहीं. उलट वारूळ हें किती मोठें बांधकाम आहे हें कळलें तर हळदकुंकू वाहणारी मुलगी त्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहील.

आणि मृगाचा किडा! ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो, पहिला पाऊस पडतो आणि मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालूं लागतात. मराठवाड्यांतील मुलांना याहून प्रिय प्राणी नाहीं. नांवांत किडा आहे, म्हणून सर्वजण त्यास किड्यांत घालतात. त्याचे पाय मोजावे. पूर्ण वाढलेल्या किड्यास ते आठ भरतात, मुंगीस सहा भरतात. म्हणजे हा मुंगीच्या गोतांतला नव्हे. कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतांतला. सहा वर्षांच्या मुलास वर्गीकरणशास्त्र शिकवितां येत नाहीं असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा प्रयोग करून पाहावा. आठपर्यंत मोजतां आलें म्हणजे पुरे. अशा पुस्तकास एक चित्र, दोन ओळी आणि ‘पाय मोज’ एवढी आज्ञा लागेल. कागदाचा खर्चहि थोडा.

वाघ-कोल्हे माणसासारखे बोलणारीं पुस्तकें विज्ञानाचीं म्हणून खपवावीं किंवा नाहीं, यावर मतभेद आहेत. गोष्टींत त्यांनीं खुशाल बोलावें. पण जें पुस्तक ‘मी पाण्याचा थेंब, मला ढगांत जाण्याची फार हौस’ असें सांगूं लागतें, त्यानें मुलाचा हक्काचा प्रश्न हिरावून घेतलेला असतो. थेंबास हौस असेल तर ऊन लागतें कशाला?

भाषांतरित पुस्तकांविषयीं सरसकट नापसंती दाखविणें योग्य नाहीं. १९९१ पर्यंत मॉस्कोच्या प्रकाशनसंस्थांचीं मराठी पुस्तकें महाराष्ट्रांत स्वस्तांत मिळत, आणि त्यांतील चित्रें इतकीं देखणीं असत कीं एका पिढीस बर्फ, अस्वल आणि भूर्जवृक्ष हे घरचेच वाटूं लागले. दूरची सृष्टि दाखविणें हेंहि पुस्तकाचें कामच आहे. आक्षेप इतकाच कीं दूरचें तेवढेंच दिसावें आणि जवळचें मुळींच दिसूं नये हें विपरीत. आज शहरांतील घरांतून इंग्रजी विज्ञानकोशांची रेलचेल असते. त्यांत ध्रुवप्रदेशांतील पेंग्विन असतो, टोळधाडीचा टोळ असतो, पण सीताफळ नसतें. वास्तविक बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. या फळाचा एकेक डोळा म्हणजे फुलांतील एकेका स्वतंत्र भागाचें फळ, आणि असे पुष्कळ भाग एकत्र वाढून सीताफळ होतें. हें एकदां सांगितलें कीं मूल फळ खातांना थांबून पाहूं लागतें. त्याचें फूल हिरवट, खालीं तोंड केलेलें, तीन जाड पाकळ्यांचें. त्याकडे फुलपाखरें फारशीं फिरकत नाहींत. परागांची नेआण बारीक भुंगेरे करतात.

स्वतः वाचावयाचीं मराठी पुस्तकें आतां पूर्वीपेक्षां बरींच मिळतात, हें मान्य केलें पाहिजे. १९५७ त स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचीं बालपुस्तकें आहेत. प्रथम बुक्स ही संस्था २००४ सालीं निघाली. तिच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासूनच्या भांडारांत मराठी पुस्तकें विनामूल्य वाचतां येतात, आणि तीं वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणें लावलेलीं असल्यानें निवड सोपी जाते. आईबापांनीं मात्र पुस्तक घेतांना आधीं एक पान स्वतः मोठ्यानें वाचावें. वाचतांना जीभ अडखळली तर तें भाषांतर कच्चें आहे, मग चित्रें कितीहि चांगलीं असोत.

शहरांतील मुलास चुकीचें पुस्तक मिळालें तर नुकसान एका पुस्तकाचें. या जिल्ह्यांत ज्यांचें खरें नुकसान होतें तीं मुलें निराळीं. दिवाळीच्या आगेंमागें ऊसतोडीच्या टोळ्या बीडमधून निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर, अहिल्यानगर, कांहीं कर्नाटकांतहि. परतावयास मार्च-एप्रिल उजाडतो. आजीआजोबांपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत मुलें ठेवण्याची व्यवस्था आहे, पण सर्वच मुलें मागें राहत नाहींत. पहिलींतील मूल जूनमध्यें अक्षरें शिकूं लागतें आणि जोडाक्षरें येण्याच्या सुमारास तें फडावर असतें. ‘असर’ या ग्रामीण पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें देशांतील ग्रामीण भागांत पांचवींतल्या मुलांपैकीं निम्म्याहून किंचित् कमी मुलांसच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. ज्याचें अर्धें वर्ष कोपीवर जातें त्याची गणती कोणत्या बाजूस होत असेल हें सांगावयास नको.

अशा मुलासाठीं जून ते ऑक्टोबर हाच शाळेचा खरा हंगाम. म्हणून त्याच्या पुस्तकाचीं पानें पंचांगाप्रमाणें लावलेलीं हवींत: जूनमध्यें मृगाचा किडा, श्रावणांत वारूळ आणि रुईवरचा कोश, भाद्रपद-आश्विनांत सीताफळ. पुढचीं पानें सुटीं असावींत. दप्तराबरोबर जाणार नाहींत तर गोधडीच्या घडींत जातील. त्यांतील सृष्टि फडावरची. उसाच्या पेरावरचा डोळा, जो जमिनींत गेला कीं नवा ऊस होतो. वाढे खाऊन रवंथ करणारी जनावरें. आणि बैलाचा नाल. नालबंद येतो तेव्हां कोपीवरचीं सगळीं मुलें त्याच्याभोंवतीं जमतात, आणि खिळा आंत जातांना दर वेळीं कोणीतरी डोळे मिटून घेतें. खुराचा बाहेरचा भाग नखासारखाच असल्यानें खिळा नीट बसविला तर बैलास दुखत नाहीं, हें चार ओळींत लिहितां येईल. आणि बैल, खूर, नख, नाल, खिळा या पांचहि शब्दांत जोडाक्षर नाहीं.